बाजार बंद, टीव्ही चालू : नाशिकच्या नव्या गुंतवणूकदारासाठी सुट्ट्यांचं वेळापत्रक

डिमॅट खातं उघडून दोन-तीन महिने झालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यातले निम्मे तरी कुठला शेअर घ्यावा याबद्दल नसतात. आज बाजार सुरू आहे का? परवा विकलेल्या शेअरचे पैसे अजून का दिसत नाहीत? सुट्टी आहे म्हणता, मग टीव्हीवर खाली आकडे कसे पळतायत? आणि रात्री साडेदहाला तो सूत्रसंचालक ‘बाजार कोसळला’ म्हणाला तो नेमका कोणता बाजार?

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. बाजार बंद असतो म्हणजे सगळंच बंद नसतं. शेअरचे सौदे, त्या सौद्यांच्या पैशांची आणि शेअरची पोहोच, सोनं-चांदी-तेलाचे वायदे (म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे) आणि परदेशातले बाजार, या चौघांचं कॅलेंडर वेगवेगळं आहे. बिझनेस वाहिन्या चौघांबद्दल एका दमात बोलतात आणि कुणाबद्दल बोलतोय हे दर वेळी सांगत नाहीत. म्हणून आधी कॅलेंडर समजून घ्यायचं आणि मग टीव्ही लावायचा. खालचा क्रमही तसाच आहे.

पायरी १ : यादी मिळवा, पण भिंतीवरच्या कॅलेंडरातून नको

एनएसई आणि बीएसई दोन्ही पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आधीच्या डिसेंबरात आपापल्या संकेतस्थळावर टाकतात. तीच खरी. घरातल्या कॅलेंडरवरचा लाल आकडा सरकारी सुट्टी सांगतो, बँकेची यादी बँकेची सुट्टी सांगते. बाजाराची यादी या दोन्हींपेक्षा लहान असते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्राबद्दल तर बोलायलाच नको, त्यात मागच्या वर्षीच्या तारखा बिनदिक्कत असतात.

२०२६ च्या मूळ यादीत शनिवार-रविवार सोडून १५ सुट्ट्या होत्या : २६ जानेवारी, ३ मार्च होळी, २६ मार्च रामनवमी, ३१ मार्च महावीर जयंती, ३ एप्रिल गुड फ्रायडे, १४ एप्रिल आंबेडकर जयंती, १ मे महाराष्ट्र दिन, २८ मे बकरी ईद, २६ जून मोहरम, १४ सप्टेंबर गणेश चतुर्थी, २ ऑक्टोबर गांधी जयंती, २० ऑक्टोबर दसरा, १० नोव्हेंबर बलिप्रतिपदा, २४ नोव्हेंबर गुरुनानक जयंती आणि २५ डिसेंबर नाताळ.

मूळ यादी म्हणालो, कारण ती वर्षभर तशीच राहील याची खात्री नसते. महापालिका निवडणुकांच्या मतदानासाठी १५ जानेवारी २०२६ ची सुट्टी नंतर जोडली गेली. २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानासाठी २० मे आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबर असे दोन दिवस वाढले. तिन्ही वेळा नाशिकलाही त्याच दिवशी मतदान होतं, त्यामुळे आपल्याला वेगळं काही जाणवलं नाही. पण लक्षात ठेवा, ही सुट्टी मुंबईत मतदान असतं म्हणून मिळते. उद्या नाशिकला एका दिवशी आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी मतदान आलं, तर बाजार मुंबईच्या बाजूने जाईल.

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सणांची तारीख शेवटच्या आठवड्यातही सरकते. २०२३ मध्ये बकरी ईदची सुट्टी २८ जूनवरून २९ जूनला गेली. सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी महाराष्ट्र सरकारने २२ जानेवारीला सुट्टी जाहीर केली, बाजारानेही सोमवार बंद ठेवला आणि त्याऐवजी शनिवारी, २० तारखेला, पूर्ण दिवस व्यवहार झाले. शनिवारी बाजार बंदच असतो असं गृहीत धरून गावाला गेलेल्यांना हे टीव्हीवरूनच कळलं.

म्हणून महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी म्हणा, एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर यादी पुन्हा पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी २ : नाशिकच्या सणांशी यादी ताडून बघा

नाशिककराची गल्लत इथेच होते, कारण आपले मोठे दिवस आणि बाजाराचे मोठे दिवस जुळत नाहीत.

रंगांचंच घ्या. बाजार होळीच्या नावाने एक दिवस बंद असतो. नाशिक मात्र खरं रंगतं पाच दिवसांनी, रंगपंचमीला. शनी चौकातली, तिवंध्यातली रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) उघडते, जुन्या नाशकात दुपारनंतर दुकानाचं शटर वर दिसत नाही, आणि बाजार साडेतीनपर्यंत बिनघोर चालू असतो. २०२५ मध्ये होळीची सुट्टी १४ मार्चला झाली आणि रंगपंचमी १९ मार्चला, बुधवारी आली. त्या दिवशी बाजार नेहमीसारखा सुरू होता. इंट्राडे, म्हणजे घेतलेलं त्याच दिवशी विकण्याचे सौदे, करणाऱ्याने सौदा उघडा ठेवून रहाडीत उडी मारू नये. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि भाव काही पिशवीत नसतात.

गणपतीचंही तसंच. सुट्टी आगमनाची, विसर्जनाची नाही. वाकडी बारवेवरून मिरवणूक निघते त्या अनंत चतुर्दशीला, तो दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये आला तर बाजार सुरू असतो. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला तसाच होता. रामनवमीची सुट्टी आहे, पण त्यानंतर एकादशीला निघणाऱ्या काळारामाच्या रथाची नाही.

गुढीपाडव्याचा धक्का बहुतेकांना बसतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शाळा बंद, बँक बंद, आणि बाजार सुरू! २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला, मंगळवारी होता. त्याच दिवशी सेन्सेक्सने पहिल्यांदा ७५,००० चा आकडा ओलांडला. श्रीखंड-पुरीनंतर दुपारी झोप काढून उठलेल्यांनी तो संध्याकाळच्या बातम्यांत पाहिला. शिवजयंतीलाही, म्हणजे १९ फेब्रुवारीला, सौदे होतात.

जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्टीचा बाजाराशी संबंध नाही. २०२७ च्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी शहरात वाहनं बंद असतील, गोदाघाटाकडे जाणारे रस्ते अडवलेले असतील, तरी सव्वानऊची घंटा होईलच. उलट दिशेनेही तेच. लासलगाव-पिंपळगावला दिवाळीत कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहतात. कांद्याच्या घरातून आलेल्या नव्या गुंतवणूकदाराला वाटतं, शेअर बाजारही तसाच लांब बंद असेल. तो दिवाळीत जेमतेम दोन दिवस बंद असतो, आणि त्यातल्या एका दिवशी तासभर उघडतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

पायरी ३ : चालू दिवसाचं घड्याळ

सुट्टी कळायची तर चालू दिवस आधी माहीत हवा. शेअरचा मुख्य बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०. त्याआधी ९:०० ते ९:१५ हे प्री-ओपन सत्र. त्यात पहिली साधारण आठ मिनिटं ऑर्डर टाकता येतात, मग त्या जुळवून सुरुवातीचा भाव ठरतो आणि उरलेला वेळ मध्यांतर.

नवख्याने ९:०० ते ९:०८ मधला टीव्ही मनावर घेऊ नये. त्या वेळी पडद्यावर दिसणारा सेन्सेक्स हा जमा झालेल्या ऑर्डरींवरून काढलेला अंदाज असतो. ९:०३ ला शेकडो अंकांनी खाली दिसलेला निर्देशांक ९:१५ ला हिरवा उघडल्याची उदाहरणं आहेत. तेवढ्यात घाबरून विक्रीची ऑर्डर टाकणारे मात्र दर वेळी नवे असतात.

साडेतीननंतर ३:४० ते ४:०० असं एक छोटं सत्र असतं, त्यात फक्त बंद भावाला व्यवहार होतात. तुम्हाला त्याचं काम क्वचितच पडेल. या वेळाही कायमच्या नाहीत. २०१० च्या आधी बाजार ९:५५ ला उघडायचा. जुने लोक अजून ‘दहाला बाजार’ म्हणतात ते त्यामुळेच. वेळ बदलली की परिपत्रक निघतं, तेही सुट्ट्यांच्या यादीसोबत बघत जा.

पायरी ४ : सौद्याची सुट्टी आणि पैशाची सुट्टी

ही पायरी घाईत वाचू नका. ब्रोकरकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच विरतात.

आज शेअर घेतला तर तो पुढच्या कामाच्या दिवशी तुमच्या डिमॅटमध्ये येतो, विकला तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी. याला टी प्लस वन म्हणतात. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हा नियम आहे. यात ‘कामाचा दिवस’ म्हणजे बाजाराबरोबर बँका आणि क्लिअरिंग दोन्ही चालू असलेला दिवस. बँका बंद, बाजार सुरू, अशा दिवसाला सेटलमेंट हॉलिडे म्हणतात. गुढीपाडवा, शिवजयंती आणि दर वर्षीचा १ एप्रिल, म्हणजे बँकांच्या वार्षिक हिशोबाचा दिवस, हे आपल्याकडचे नेहमीचे.

उदाहरण घेऊ. २०२६ च्या मार्चअखेरचा आठवडा बघा. सोमवारी, ३० मार्चला शेअर विकले. मंगळवारी ३१ ला महावीर जयंती, बाजार बंद. बुधवारी १ एप्रिल, बाजार सुरू पण पैशाची सुट्टी. म्हणजे पैसे गुरुवारी, २ एप्रिलला. आणि ते बँकेत काढायला घेतले, तर शुक्रवारी गुड फ्रायडे आणि पुढे शनिवार-रविवार. मार्चअखेरीला पोराच्या क्लासची फी किंवा फ्लॅटचा हप्ता शेअर विकून भरायचा बेत असेल, तर विक्री त्याच्या आधीच्या आठवड्यात करायला हवी होती. त्या आठवड्यातही गुरुवारी रामनवमी होतीच.

शेअर घेताना पण तसंच. ११ सप्टेंबरला शुक्रवारी घेतलेला शेअर गणेश चतुर्थीच्या सोमवारमुळे मंगळवारी, १५ तारखेला खात्यात येईल. तोवर तो ‘होल्डिंग’मध्ये वेगळ्या खुणेसह दिसतो, घाबरायचं काही नाही. सेटलमेंट हॉलिडेला आदल्या दिवशी घेतलेले शेअर विकू न देणारे ब्रोकरही आहेत. तुमच्या ब्रोकरचा नियम त्याच्या मदत पानावर लिहिलेला असतो.

खात्यात पैसे भरायला सुट्टी आड येत नाही, यूपीआय आणि एनईएफटी बाराही महिने चोवीस तास चालतात. सुट्टीच्या दिवशी पुढच्या दिवसासाठी ऑर्डरही टाकून ठेवता येते, तिला एएमओ म्हणतात. ती टाकली म्हणजे सौदा झाला असं नव्हे. सकाळी उठून पुन्हा बघायची.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीची तारीख सुट्टीला आली, तर व्यवहार पुढच्या कामाच्या दिवसाच्या एनएव्हीने (फंडाच्या एका युनिटच्या भावाने) होतो. त्यात नुकसान वगैरे काही नाही, फक्त खात्यात तेवढे दिवस शिल्लक राहू द्या.

पायरी ५ : एक्स्पायरी सरकते

फ्युचर-ऑप्शनमध्ये नवख्याने पडू नये असं माझं मत आहे, त्यामुळे हे थोडक्यात. एक्स्पायरी म्हणजे या सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी असते. त्या दिवशी सुट्टी आली तर एक्स्पायरी एक कामकाजाचा दिवस अलीकडे येते, पुढे जात नाही. २०२६ मध्ये होळी, महावीर जयंती, दसरा, बलिप्रतिपदा, गुरुनानक जयंती या सगळ्या मंगळवारी आहेत. म्हणजे दसऱ्याच्या आठवड्यात टीव्हीवर सोमवारीच एक्स्पायरीची आरडाओरड ऐकू येईल. तुमचे फक्त शेअर असले, तरी त्या दिवशी दुपारी दोननंतर भाव जास्त हेलकावतात एवढं ध्यानात असू द्या.

पायरी ६ : सुट्टीच्या दिवशी उघडणारा बाजार

लक्ष्मीपूजनाला बाजाराला सुट्टी असते आणि त्याच दिवशी तासाभराचं मुहूर्त ट्रेडिंग होतं. बीएसईवर ही प्रथा १९५७ पासून आहे, एनएसईवरही ती चालते. पूर्वी ते संध्याकाळी, पूजेच्या सुमारास व्हायचं. २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ ते ७ झालं. २०२५ मध्ये मात्र २१ ऑक्टोबरला दुपारी १:४५ ते २:४५ असं ठेवलं. मेन रोडला, सराफ बाजारात चोपडीपूजनाची तयारी अजून सुरूच होती आणि मुहूर्त उरकलाही. संध्याकाळी सहाला हौसेने अॅप उघडणाऱ्यांची निराशा झाली. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्याची वेळ दिवाळीच्या थोडं आधी परिपत्रकातून कळते, तेव्हा मागच्या वर्षीची वेळ डोक्यात ठेवून बसू नका. सोमवारी ९ ला बाजार नेहमीसारखा आणि मंगळवारी दिवाळी पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, बंद.

त्या तासात शकुनाचा एखादा शेअर घ्यावा, अगदी जरूर घ्यावा. पण उलाढाल कमी असते, भाव लवकर उडतात, आणि वाहिन्यांवर ‘संवत स्पेशल’ याद्यांचा पाऊस पडत असतो. मोठी खरेदी त्या तासात करायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

केंद्रीय अर्थसंकल्प हा दुसरा अपवाद. २०२५ मध्ये १ फेब्रुवारी शनिवार होता आणि २०२६ मध्ये रविवार, दोन्ही दिवशी बाजार पूर्ण वेळ चालला. तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. संगणकयंत्रणेची पर्यायी व्यवस्था तपासायला एक्स्चेंज कधीकधी शनिवारी छोटी सत्रं घेतं, २ मार्च आणि १८ मे २०२४ ला घेतली होती. ते सौदे खरे असतात. याशिवाय शनिवारी ‘मॉक ट्रेडिंग’ही होतं, ते मात्र ब्रोकरांच्या सरावासाठी, त्यातले भाव खोटे. शनिवारी अॅपमध्ये भाव हलताना दिसले, तर आधी परिपत्रक बघा, मग आनंद किंवा दुःख करा.

पायरी ७ : संध्याकाळी पाचला जागा होणारा बाजार

सोनं, चांदी, कच्चं तेल, तांबं यांचे वायदे एमसीएक्सवर सकाळी ९ पासून रात्री ११:३० पर्यंत चालतात, अमेरिकेत हिवाळी वेळ असताना ११:५५ पर्यंत. सणाच्या बहुतेक सुट्ट्यांना एमसीएक्स फक्त सकाळच्या सत्राला बंद असतं आणि संध्याकाळी ५ ला उघडतं. दसऱ्याला सराफ बाजारात सोनं घेऊन घरी येता, टीव्ही लावता आणि सोन्याचा वायदा हलताना दिसतो, तो त्यामुळे. २६ जानेवारी, गुड फ्रायडे, २ ऑक्टोबर, नाताळ अशा मोजक्या दिवशी दोन्ही सत्रं बंद. १ जानेवारीला गंमत उलटी : शेअर बाजार पूर्ण सुरू, एमसीएक्स सकाळी सुरू आणि संध्याकाळी बंद.

पायरी ८ : अमेरिकेची घड्याळं

रात्री टीव्हीवर ‘बाजार’ म्हणजे बहुधा न्यू यॉर्क. तिथला बाजार तिकडच्या सकाळी साडेनऊ ते दुपारी चार. आपल्याकडे तो उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७ ते रात्री १:३०, हिवाळी वेळेत ८ ते २:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा तासाचा फरक पडतो. आपल्या देशात घड्याळ बदलत नसल्याने नवख्याला त्या सोमवारी वाटतं की वाहिनीने कार्यक्रम लवकर किंवा उशिरा लावला.

तिकडे अर्ध्या दिवसाची सुट्टीही असते, आपल्या शेअर बाजारात तो प्रकार नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्या दिवशी पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी बाजार दुपारी १ लाच मिटतो, म्हणजे आपल्याकडे रात्री ११:३०. २०२६ मध्ये हा शुक्रवार २७ नोव्हेंबर. नाताळच्या आदल्या दिवशीही असंच लवकर मिटतं. ४ जुलै २०२६ शनिवारी असल्याने तिथली सुट्टी शुक्रवारी, ३ जुलैला. अशा दिवशी अमेरिकी बिझनेस वाहिन्याही थेट कार्यक्रम आवरतात आणि आधी चित्रित केलेले किंवा जुने कार्यक्रम लावतात. आपल्या वाहिन्यांना रात्री दाखवायला तिथलं ताजं काही उरत नाही, मग आदल्या दिवसाचाच आलेख पुन्हा पुन्हा फिरतो.

सकाळच्या कार्यक्रमात वारंवार येणारं गिफ्ट निफ्टी हे नाव त्यामानाने नवं आहे. जुलै २०२३ पासून गुजरातच्या गिफ्ट सिटीत या नावाने निफ्टीचे वायदे होतात, सकाळी ६:३० पासून मध्ये छोटी विश्रांती घेऊन रात्री २:४५ पर्यंत. त्याचं कॅलेंडर वेगळं. आपल्या सुट्टीच्या दिवशीही तो हलताना दिसू शकतो. ती उद्याच्या उघडण्याची झुळूक समजा, तुमच्या शेअरचा भाव नव्हे.

पायरी ९ : आता टीव्ही लावा

मराठीत पूर्ण वेळ चालणारी बिझनेस वाहिनी नाही. मराठी वृत्तवाहिन्या सेन्सेक्सचा आकडा आणि सोन्याचा भाव सांगून पुढे जातात. त्यामुळे नाशिकच्या घरात हिंदीत सीएनबीसी आवाज, झी बिझनेस, ईटी नाऊ स्वदेश किंवा इंग्रजीत सीएनबीसी टीव्ही १८, ईटी नाऊ, एनडीटीव्ही प्रॉफिट असं काहीतरी लागतं. कार्यक्रमांची नावं वरचेवर बदलतात, ती पाठ करून उपयोग नाही. दिवसाचा साचा मात्र सगळीकडे सारखाच.

सकाळी नऊपर्यंत रात्री अमेरिकेत काय झालं, जपान काय करतोय आणि आज कोणत्या कंपनीची बातमी आहे. नवशिक्याला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते याच वेळेत. नऊ ते दहा नुसता गोंगाट. दुपारी साडेबारा किंवा दीडला, ऋतूप्रमाणे, ‘युरोप उघडला’ हे वाक्य. अडीच ते साडेतीन पुन्हा गोंगाट. चारनंतर कंपन्यांचे निकाल, व्यवस्थापनाच्या मुलाखती. या मुलाखती शांतपणे ऐकाव्यात, कारण त्या वेळी विकत घ्यायची घाई कुणाला नसते. संध्याकाळी सोनं-चांदी आणि रात्री अमेरिका.

सुट्टीच्या दिवशी हा साचा मोडतो. थेट कार्यक्रमांच्या जागी आधी चित्रित केलेल्या मुलाखती, म्युच्युअल फंड आणि विम्याच्या प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम, कर वाचवण्याची सत्रं, जुन्या कार्यक्रमांचं पुनःप्रसारण. ‘पुढच्या वर्षासाठी दहा शेअर’ छापाचे विशेष भागही याच दिवशी. माझ्या मते सुट्टीचा टीव्ही नवख्यासाठी चालू दिवसापेक्षा बरा. प्रेक्षकांच्या प्रश्नांत टर्म इन्शुरन्स, नामांकन, वारसाहक्काने आलेले कागदी शेअर असे खरे संसारी विषय निघतात. तुमच्या आजोबांनी मायकोत (आताच्या बॉशमध्ये) नोकरी करताना घेतलेले शेअर कपाटात कागदावर पडून असतील, तर ते डिमॅट कसे करायचे हे असल्याच कार्यक्रमात कळतं.

सुट्टीचा पडदा वाचताना मात्र काही गोष्टी बघायच्या. खाली पळणारी पट्टी त्या दिवशीही पळते, पण तिच्यातले शेअरचे भाव मागच्या कामकाजाच्या दिवसाचे बंद भाव असतात. टक्केवारीही त्याच दिवसाची. मंगळवारी सुट्टीला दिसलेला ‘३ टक्के वर’ हा सोमवारचा आहे. बुधवारी सकाळी त्यावर विसंबून ऑर्डर टाकली तर भलत्याच भावाला सौदा होईल. कोपऱ्यात ‘रेकॉर्डेड’ किंवा तत्सम अक्षरं आहेत का ते शोधा, ती बारीक असतात. तज्ज्ञ एखाद्या शेअरचा भाव बोलला की लगेच अॅपमधल्या भावाशी ताडून बघा. जुळत नसेल, तर कार्यक्रम जुना आहे. यूट्यूबवर वाहिनीचे तुकडे बघत असाल तर खालची तारीख आधी. वर्षापूर्वीचा ‘आज खरेदी करा’ यूट्यूब तुम्हाला आजही तितक्याच उत्साहाने दाखवतो.

चालू दिवशीसुद्धा टीव्ही बाजाराच्या थोडा मागे असतो. केबल किंवा डिश काही सेकंद, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण त्याहून जास्त. भाव अॅपवर बघायचा, टीव्ही कारण समजायला.

आणि तज्ज्ञांबद्दल एक गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, एका बिझनेस वाहिनीवर येणाऱ्या काही पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. आरोप असा की पडद्यावर शिफारस करण्याआधी ती आपल्या माणसांना कळवली जायची, ते आधी घ्यायचे आणि प्रेक्षक तुटून पडले की विकायचे. सगळेच तसे असतात असं नाही. पण शिफारस ऐकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घेणारा सहसा वरच्या भावाला घेतो, हे त्यात चोरी नसली तरी खरं आहे. सुट्टीच्या दिवशी ऐकलेल्या शिफारशीचा हा एक फायदा : हात बांधलेले असतात, कंपनीचा वार्षिक अहवाल उघडायला अख्खा दिवस मिळतो.

पायरी १० : सुट्टीच्या आदल्या दुपारी

तीनच्या सुमारास दहा मिनिटं काढा. इंट्राडेचा सौदा उघडा असेल तर मिटवा. ब्रोकर तो स्वतःहून मिटवतोच, पण त्याचं शुल्क लावतो. पुढच्या चार-पाच दिवसांत पैसे लागणार असतील, तर पायरी ४ मधला हिशोब बोटावर करा. सुट्टी शनिवार-रविवारला जोडून असेल, तर त्या तीन-चार दिवसांत अमेरिका आणि आशिया चालू राहणार, म्हणजे उघडताना भावात फट पडू शकते. लांब पल्ल्याच्या गुंतवणूकदाराने त्यासाठी काही विकायची गरज नाही, पण उधारीवर घेतलेले शेअर असतील तर विचार करावा. लिक्विड फंडातून पैसे काढायचे असतील, तर दुपारची वेळमर्यादा बघून आदल्या दिवशीच अर्ज टाका.

सुट्टीच्या दिवशी एक तपासणी मात्र आवर्जून करा, विशेषतः खातं कुणाच्या तरी सांगण्यावरून किंवा टेलिग्राममधल्या लिंकवरून उघडलं असेल तर. २६ जानेवारीला किंवा एखाद्या साध्या रविवारी ते अॅप उघडा. भारतीय शेअरचे भाव हलताना दिसले, खरेदी लगेच ‘पूर्ण’ झाली आणि नफाही वाढताना दिसला, तर ते अॅप बाजाराशी जोडलेलंच नाही. पुढचा रुपया भरू नका, ब्रोकरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर शोधा, आणि तिथे तो नसेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. ती सुट्टीच्या दिवशीही चालू असते.